टोलबाईंची एकाग्रता

ज्याच्यासमोर घड्याळ ठेवलेलं असतं त्याला समाधी लागत नाही, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ज्यांच्यासमोर घड्याळ होतं, त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांना सगळे टोलबाई म्हणत. खोली एका सोफ्यांच्या दुकानाच्या वर होती. खाली माणसानं किती आरामात बसावं याचे नमुने मांडलेले, आणि वर आम्ही पातळ चटयांवर गुडघे मोडून बसलेलो. ध्यानाच्या बैठकीच्या सुरुवातीला आणि शेवटी, समोरच्या घड्याळात बघून, काशाच्या वाडग्यावर लाकडी दांडक्यानं टोल द्यायचा असे. ते काम बाईंकडे कित्येक वर्षं होतं. त्यांचा टोल कधी लवकर पडला नाही, कधी उशिरा पडला नाही. कोणी आजारी असो, बाहेर वादळ असो, टोल म्हणजे टोल.

दिवसा बाई एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात, निर्जंतुकीकरण विभागात कामाला होत्या. ऑपरेशन थिएटरमधून कात्र्या, चिमटे, पकडी धुऊन खाली यायच्या. एकेकीचा सांधा उघडून भिंगाखाली धरायचा, डाग राहिला नाही ना बघायचं, ठरलेल्या क्रमानं ट्रेमध्ये लावायच्या, दुहेरी कापडात बांधायच्या, वर पट्टी चिकटवायची आणि ट्रे वाफेच्या यंत्रात सारायचा. वाफ नीट पोचली की पट्टीवरच्या फिक्या रेघा काळ्या होतात. रेघ फिकी राहिली की ट्रे परत. बाईंच्या हातून फिक्या रेघेचा ट्रे कधी वर गेला नव्हता. हे त्या स्वतःच सांगत असल्यामुळे सगळ्यांना माहीत होतं.

त्याच तळघरात, बोळाच्या दुसऱ्या टोकाला धुलाईखाना होता. तिथं त्यांची धाकटी जाऊ गरम चादरींच्या घड्या घालायची. तिला ही नोकरी बाईंनीच लावून दिली होती, आणि त्याबद्दल त्यांनी स्वतःला अजून माफ केलेलं नव्हतं.

मत्सर हा शब्द बाईंना चालत नसे. त्या म्हणत, “मी आपलं बघते.” पाठीवर भाऊ झाला आणि आईच्या कुशीतली जागा गेली, तेव्हापासून त्या बघत होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा घरातली एकुलती सून म्हणून काही वर्षं बरी गेली. मग धाकटी आली. ती उशीला डोकं टेकलं की झोपायची. बाईंना झोप रोज मागून घ्यावी लागे. धाकटीनं डब्यातल्या मातीत सहज खोचलेली काडीही फुटायची. बाईंच्या कुंड्या खत, पाणी आणि वेळापत्रक असूनही मुक्या. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात तर कहर झाला. औषध बाईंनी मापून काढायचं, आणि सासूबाईंनी ते प्यायचं मात्र धाकटीच्याच हातून. “माप माझं, गोडवा तिचा,” असं बाई अजूनही म्हणत. म्हणताना हसत, पण ते हसू भिंगाखाली धरण्यासारखं नव्हतं.

ध्यानाकडे त्या रक्तदाबामुळे वळल्या. शिकवणारे त्याच हॉस्पिटलातून निवृत्त झालेले भूलतज्ज्ञ होते; आम्ही त्यांना भूलडॉक्टर म्हणत असू. “आयुष्यभर माणसांची शुद्ध घालवली,” ते म्हणत, “आता जमेल तशी परत करतोय.” धर्मांतर, दीक्षा असलं काही ते बोलत नसत. श्वासावर बसायचं, आणि सुट्टीच्या दिवशी बौद्ध परंपरेतलं थोडं ऐकायचं, एवढाच कार्यक्रम.

बाईंनी मात्र तिथंही नोकरीसारखी मेहनत केली. कपाटातली सगळी पुस्तकं वाचली. मन एका विषयात बुडतं तेव्हा आधी काय होतं, मग काय गळून पडतं, हे त्यांना ट्रेमधल्या हत्यारांच्या क्रमासारखं पाठ होतं. मन विषयाकडे नेणं, तिथं टिकवणं, मग प्रीती (म्हणजे अंगभर उठणारी आनंदाची लहर), सुख, एकाग्रता ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीला न्यायची-टिकवायची खटपट सुटते, तिसरीला प्रीती सुटते, चौथीला सुखही सुटतं आणि नुसती स्वच्छ समता उरते. कोणी नवीन माणूस आला की बाई त्याला हे जिन्यातच सांगून टाकत. स्वतः त्यांनी त्यातला पहिला थेंबही चाखलेला नव्हता. पण नकाशा विकणाऱ्यानं प्रवास केलाच पाहिजे, असं कुठे आहे?

ही बुडी लागायलाच हवी का, यावर आमच्याकडे अधूनमधून वाद होई. वाद जुना आहे. काही जण म्हणतात, मन आधी ध्यानात पुरतं मुरलं पाहिजे. त्याशिवाय जे दिसतं ते खरं दिसतच नाही. दुसरे म्हणतात, बुडी न मारताही, क्षणोक्षणी येतं-जातं ते नुसतं नीट बघत गेलं तरी माणूस जागा होतो. ही कोरडी वाट. भूलडॉक्टर दोन्हीकडून बोलत. “नुसत्या निर्जंतुक कात्रीनं आजवर कोणी बरं झालेलं नाही. कापावं लागतं. पण कात्री मळकी असेल, तर कापून बरा झालेलाही आठवड्यात दगावतो.” हे ऐकताना बाई सगळ्यांकडे एकदा नजर फिरवत. उदाहरण त्यांच्या खात्यातलं होतं. त्या पक्क्या बुडीवाल्या होत्या. आधी समाधी, मग बाकीचं.

आणि अशात धाकटी आली.

ती ध्यानासाठी आलीच नव्हती. चादरी उचलून तिचा खांदा आखडला होता, आणि डॉक्टरांना खांदा दाखवून घरी जाताना तिला बाईंची सोबत हवी होती. जिन्यात बसायला गार लागतं म्हणून ती वर आली, भिंतीलगतच्या कोपऱ्यात टेकली, आणि सगळे डोळे मिटताहेत म्हणून तिनंही मिटले.

बैठक संपल्याचा टोल पडला. माणसं हलली, खाकरली, पाय चोळू लागली. धाकटी तशीच. बाईंनी पुन्हा एक टोल दिला, नियमात नसलेला. धाकटी तशीच.

“अगं ए! घरी जायचंय ना?” बाईंनी तिचा दुखरा खांदाच हलवला.

तिनं डोळे उघडले. चेहरा नुकत्याच धुतलेल्या चादरीसारखा. “झालं पण?”

“झोपलीस होय!” बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “दिवसभर उभं राहायचं काम, दमते बिचारी.”

“झोपलेल्याची मान पडते,” भूलडॉक्टर म्हणाले. “एवढी एक गोष्ट मला नक्की कळते.” मग धाकटीकडे वळून, “काय होत होतं?”

“काही नाही हो. श्वास बघा म्हणालात, तो बघत होते. मग बघायचं काही राहिलं नाही, आपोआपच व्हायला लागलं. खूप बरं वाटत होतं, अगदी अंगभर. मग ते बरं वाटणंही जरा गडबडीचं वाटायला लागलं, तर ते पण बसलं खाली.” ती ओशाळली. “चुकलं का काही?”

बाईंना त्या वाक्यांत एकेक हत्यार ओळखू आलं, त्याच क्रमानं. पुस्तकात असं लिहिलेलं असतं, हे धाकटीला माहीतही नव्हतं. तीच तर आग होती.

पुढल्या आठवड्यात बाई कोरड्या वाटेच्या झाल्या.

“समाधी म्हणजे शेवटी सुखच,” त्या जिन्यात नवीन माणसाला सांगू लागल्या. “गोड खाण्यासारखं. खरं काम बघण्याचं.” जे आपल्याला मिळत नाही ते अनावश्यक असतं, हा सिद्धांत काही बौद्ध नव्हे. तो सगळ्या धर्मांत सारख्याच श्रद्धेनं पाळला जातो. पण खोलीत शिरताना त्यांची नजर पहिल्यांदा कोपऱ्याकडे जाई, आणि धाकटी तिथं सुखानं बुडालेली असे. घरीही तेच. धाकटी भांडी घासताना गुणगुणली तरी बाईंना त्यात समाधी ऐकू येई.

“हिला काय कमी होतं?” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

“कोणाला?”

“जाऊ दे. तुम्हाला काय कळणार!”

“मग विचारतेस कशाला?” असं म्हणून नवरा वर्तमानपत्रात बुडाला. बुडणाऱ्यांचीच घरात चलती होती.

आता आमच्या खोलीतली एक रीत सांगायला हवी. टोल देणाऱ्यानं ते काम स्वतःहून सोडायचं ठरवलं, तर वाडगा दोन्ही हातांनी उचलून ज्याच्यासमोर ठेवायचा त्याचा. ज्याच्यासमोर ठेवला त्यानं नको म्हणायचं नाही. नको म्हणण्यातही मीपणा असतो, असा त्यामागचा विचार. निदान वर्षभर ते काम त्याच्याकडे. ही रीत कोणी सुरू केली कोण जाणे, पण तिचा गैरवापर होऊ शकतो असं तोवर कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्यात तेवढं लक्षपूर्वक बघणारं कोणी नव्हतं.

एका संध्याकाळी बैठकीआधी बाई उठल्या. वाडगा उचलला, हळूहळू चालत कोपऱ्यात गेल्या आणि धाकटीसमोर वाकून ठेवला. शेजारी घड्याळ ठेवलं.

“माझ्यापेक्षा हिच्या हातात शोभेल,” त्या म्हणाल्या.

खोली गहिवरली. इतक्या वर्षांचा मान, आणि तो जावेला! एक बाई डोळे पुसताना मी पाहिली. भूलडॉक्टरांनी मात्र चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

धाकटीनं वाडग्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, मग जावेकडे. “बरं,” ती म्हणाली.

डाव अचूक बसला. टोल वेळेवर पडायला हवा म्हणून धाकटी अर्धे डोळे उघडे ठेवून घड्याळासमोर बसू लागली. बुडी संपली. बाई आता तिच्या मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, मोकळ्या मनानं समाधीची वाट बघू लागल्या. ती काही आली नाही. मन श्वासावर ठेवलं की घसरायचं, आणि घसरून नेमकं एकाच ठिकाणी जायचं. पापणीच्या फटीतून त्या समोर बघत. हिचं खरंच गेलं ना? चोरून कुठे लागत तर नाही?

शेवटी एकदा तळघरातल्या बोळात, चहाच्या यंत्रापाशी त्यांनी विचारलंच. “काय गं, येतं का अजून तसं?”

“कसं?”

“तेच ते. अंगभर बरं वाटायचं म्हणालीस ते.”

“नाही हो जाऊबाई. आता कुठलं! घड्याळ असतं ना समोर.”

बाईंनी कपात फुंकर घातली. “वाईट वाटत असेल.”

“कशाचं?”

“गेलं त्याचं!”

धाकटीनं खरोखरच विचार केला. “छान होतं. आलं होतं तसं गेलं. मी कुठे कमावलं होतं?” मग चहाचा घोट घेऊन म्हणाली, “आता सगळ्यांचे चेहरे दिसतात बसलेले. ते पण बरं असतं. तुमच्या शेजारचे काका झोपेत हसतात, माहितेय?”

बाईंचा चहा कडू झाला. चोरी करावी आणि मालकानं तक्रारच देऊ नये! शिवाय ही तर आणखीच पुढची गोष्ट. ध्यानातलं सुख चिकटतं, ते सोडता आलं पाहिजे, तिथून खरी वाट सुरू होते, हे बाईंनी कितीदा वाचलेलं. म्हणजे बुडीही हिचीच, आणि बुडी सुटल्यावर न रडणंही हिचंच. काडी खोचली की फुटणार. आता जळायला नवीन विषय मिळाला.

त्याच आठवड्यात ते घडलं. बाई कोपऱ्यात बसल्या, श्वास घेतला, सोडला, आणि मग एकदम टोल कानावर पडला. त्या दचकल्या. टोल? आत्ता तर बसलो! पाय दुखत नव्हते. पाठ सरळ होती. मधल्या वेळात दुसरा एकही विचार शिवला नव्हता, हिशेब नाही, घर नाही, नोकरी नाही. छातीत चक्क ऊब होती. इतक्या वर्षांत टोलाची चाहूल त्यांना आधी लागली नाही असं कधी झालं नव्हतं.

बैठकीनंतर भूलडॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, “कोणाला काही सांगायचंय?”

वर्षानुवर्षं “श्वास ठीक” एवढंच सांगणाऱ्या बाईंनी हात वर केला. आवाज नम्र होता, पण नम्रपणाला आतून उकळी फुटत होती. “मला वाटतं, आज लागलं.”

“सांगा.”

त्यांनी सांगितलं. वेळेचं भान नाही, वेदना नाही, दुसरा विचार नाही, मन एका जागी खिळलेलं, अंगात ऊब. एकेक लक्षण त्यांनी ट्रेमध्ये लावल्यासारखं पुढे ठेवलं. धाकटीचा चेहरा खरोखर फुलला. “अगं बाई! झालं ना शेवटी!” ती म्हणाली.

“छान,” भूलडॉक्टर म्हणाले. “विषय काय होता?”

“म्हणजे?”

“मन खिळलं होतं म्हणालात. कशावर? श्वासावर?”

त्या खोलीत खोटं बोलायचं नाही असा नियम होता. बाईंनी नियम कधी मोडलेला नव्हता. त्यांचा सगळा पापाचार नियमात बसणारा होता.

“नाही,” त्या म्हणाल्या. “श्वासावर नाही.”

“मग?”

“हिच्यावर.”

सगळ्यांनी धाकटीकडे बघितलं.

“वा! जावेचं भलं व्हावं म्हणून मैत्रीची भावना करत होतात?” मागून कोणीतरी भाबडेपणानं विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या.

झोपेत हसणारे काका जागेपणी हसले, मग तीन-चार जण, मग खोलीच फुटली. भूलडॉक्टर हसले नाहीत. “एकाग्रता होती, यात शंका नाही,” ते म्हणाले. “मांजर बिळासमोर बसतं तेव्हा त्याचंही शेपूट हलत नाही. जुन्या लोकांनी यालाही ध्यानच म्हटलंय. द्वेषानं धुमसणारा माणूस फार मन लावून ध्यान करतो, असं ते म्हणत. फक्त त्याची स्तुती करत नसत.” मग आवाज उतरवून म्हणाले, “बाई, तुम्हाला विषय शोधावा लागत नाही, हे काही कमी नाही. पुढल्या वेळी हिला सोडा, आणि ते जे जळतं तेच बघा. कुठे लागतं, कधी वाढतं, कधी विझतं. आता बुडी नको, नुसतं बघणं. तुम्ही कोरड्या वाटेच्या ना?”

दुसऱ्या दिवशी बाईंनी तळघरात एकेक कात्री दोनदा तपासली. खोलीत पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, हे ठरलेलं होतं. दुपारी धाकटी चादरींची ढकलगाडी घेऊन दारात आली.

“आज येताय ना?”

“तोंड आहे का यायला?” बाईंनी भिंगावरून डोळा काढला नाही. “तुला माहितेय मी टोल तुला का दिला?”

“हो.”

“काय हो?”

“माझं ते बंद पडावं म्हणून.”

बाईंनी भिंग खाली ठेवलं. “माहीत होतं? मग घेतलास कशाला?”

“नको म्हणता येत नाही ना तिथं.” धाकटी हसली नाही. “आणि जाऊबाई, तुम्ही एकट्याच जळता असं वाटतं का तुम्हाला? सासूबाई औषध माझ्या हातून घ्यायच्या, पण कपाटाच्या किल्ल्या? सगळ्या घरासमोर त्यांनी तुमच्या हातात दिल्या. मी स्वयंपाकघरात उभी होते. कोणी वळून बघितलं नाही. दोन वर्षं मला त्या किल्ल्यांचा आवाज सहन होत नव्हता.”

बाईंच्या अंगभर एक गोड लहर पसरली, टाळूपासून तळव्यांपर्यंत. आपल्यावर कोणी जळलं होतं! प्रीती म्हणजे काय ते त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं. पुस्तकात वर्णन होतं अगदी तसं. मग धाकटीचा चेहरा दिसला, आणि लहर अर्ध्यातच ओसरली.

“बोलली नाहीस कधी,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही तरी कुठे बोललात? चला, चादरी गार होतायत.”

बाई संध्याकाळी गेल्या. लोकांनी जागा करून दिली, जरा जास्तच प्रेमानं. डोळे मिटले; ठिणगी पडली. या वेळी त्यांनी फटीतून बघितलं नाही. बरगड्यांच्या खाली काहीतरी गरम, मुठीएवढं. ते घशाकडे चढलं. तिथं थोडं थांबलं. मग नुसतं गरम राहिलं, मग तेही सापडेना. बाईंना राग आला. इतकी वर्षं जिवापाड जपलेली गोष्ट, आणि नीट बघायला गेलं तर टिकत नाही! काळजीचं कारण नव्हतं. थोड्या वेळानं ती पुन्हा आली. त्यांनी पुन्हा बघितली.

असे महिने गेले. बुडी त्यांना लागली नाही. एकदा मात्र बैठकीनंतर त्यांनी आपण होऊन सांगितलं, “आज जळत होतं. पण जळणारं कोण, ते शोधलं तर सापडलं नाही.” एरवी ज्या भूलडॉक्टरांना वाक्य शेवटपर्यंत नेल्याशिवाय राहवत नसे, ते त्या दिवशी नुसतेच “हं” म्हणाले.

वर्ष संपल्यावर धाकटीनं वाडगा दुसऱ्या कोणासमोर ठेवला आणि ती आपल्या कोपऱ्यात परतली. बाईंनी तो कोपरा आधीच रिकामा करून ठेवला होता. त्याच संध्याकाळी ती पुन्हा बुडाली. टोल पडला, माणसं उठली, चटया गुंडाळल्या गेल्या, दिवे निम्मे झाले. ती तशीच. बाई दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसल्या. फोन वाजला. दीर होता.

“वहिनी, अजून कशा आला नाहीत? जेवायला थांबलोय आम्ही.”

“उशीर होईल. ती बसलीय.”

“अजून? हलवा की तिला.”

“नाही हलवत.”

“का हो?”

बाईंनी दाराच्या फटीतून आत बघितलं. “हलवावं असं मगाशी फार वाटलं होतं,” त्या म्हणाल्या. “आत्ता गेलंय. पुन्हा वाटायच्या आत ती उठली म्हणजे बरं. तुम्ही जेवून घ्या.”